तोटीचा जार

हर्षदाला फक्त बसायचं होतं.

कुठं फिरायला जायचं नव्हतं, नवी साडी नको होती, कुणी कौतुक करावं असंही आताशा फारसं वाटत नव्हतं. एक अख्खी दुपार सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून, मैत्रिणींच्या घोळक्यात बसायचं आणि मधे एकदाही उठायचं नाही, एवढंच. ठमी झाल्यापासून ती बसली म्हणून नव्हती. दूध पाजायला बसायची, पण ते काही बसणं नव्हे. त्यात निम्मं ध्यान कुकरच्या शिट्टीकडं आणि निम्मं दारावरच्या बेलकडं.

ठमी म्हणजे संस्कृती. बारशाला मोठ्या हौसेनं ठेवलेलं नाव. पण पोरीला सांभाळायला सोनईहून आलेल्या सासूबाई, राहीबाई, दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "एवढं जड नाव एवढ्याशा पोरीनं पेलायचं कसं?" आणि तिची ठमी करून मोकळ्या झाल्या. खरं नाव लसीच्या कार्डापुरतं उरलं. सध्या ठमीला दात येत होते. दिवसा ती हसायची आणि रात्री कुरकुरायची, त्यामुळं लोकांना वाटायचं, किती गुणी पोर! हर्षदाच्या डोळ्यांखाली मात्र शाई सांडल्यागत झालं होतं.

अश्विनीचा फोन आला तो अशाच एका दिवशी. दोघी पुण्यात कापडावर ठसे मारणाऱ्या एका स्टुडिओत बरोबर होत्या. मग हर्षदाचं लग्न झालं, ती नगरला सावेडीत आली, ठमी झाली, आणि ठसे माळ्यावर गेले.

"धुळवडीला आम्ही चौघी येतोय तुझ्याकडं," अश्विनी म्हणाली. "जुन्या साड्या घेऊन. ठमीला गोधडी शिवू. क्राफ्ट पार्टी! आणि हे बघ, नुसत्या चहावर बोळवण नको. मस्त कॉकटेल कर."

"अगं, माझी सासू माळकरी आहे."

"सासू माळकरी. तू नाहीस ना?"

"मी ठमीला पाजते."

"मग तिला दूध पाज, आम्हाला कॉकटेल पाज!"

हर्षदा हसली, पण फोन ठेवल्यावर तिला आपली दुपार जशीच्या तशी दिसली. बाकीच्या सतरंजीवर बसल्यात, आणि ही ओट्यापाशी उभी. लिंबू पिळतेय, पुदिना चुरतेय, एकेक ग्लास भरून नेतेय, रिकामा परत आणतेय. पार्टी तिच्या घरात, आणि तीच तेवढी पार्टीत नाही.

मग एका दुपारी ठमीला पाजता पाजता मोबाईलवर तिला वेगळीच तऱ्हा सापडली. सगळ्यांचं एकदम मोठ्या भांड्यात करायचं, गार करत ठेवायचं, आणि ज्यानं त्यानं आपापलं ओतून घ्यायचं. ग्लासागणिक खटाटोप नाही. तळाशी एक ओळ होती: असं केलं की घरची बाईसुद्धा सगळ्यांबरोबर बसू शकते. हर्षदा त्या ओळीपाशी थांबली. एका सरबताच्या कृतीनं डोळ्यांत पाणी यावं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण आलं.

लग्नात माउलीच्या मामानं तोटीचा काचेचा मोठा जार दिला होता. तो माळ्यावर खोक्यातच होता. माउली म्हणजे तिचा नवरा, ज्ञानेश्वर. आपल्याकडं ज्ञानेश्वराला माउली म्हटल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. एमआयडीसीतल्या कंपनीत तो पाळीवर जायचा. तिनं त्याला जार काढायला सांगितला आणि येताना जिनची बाटली आणायला सांगितली.

"सोनईच्या कारभारी अण्णांची सून नवऱ्याला दारू आणायला पाठवते," तो हसत म्हणाला. "आईला काय सांगणार आहेस?"

"सरबत आहे म्हणून सांगेन. आहेच की लिंबाचं."

"निम्मं खरं."

"निम्मं पुरे आहे. पुरतं खरं बोलायला मला वेळ कुठाय?"

बाटली स्कूटरच्या डिकीतून, रेनकोटात गुंडाळून, मार्च महिन्यात घरात आली.

लिंबं मिरजगावची, माहेरची. वडिलांनी ओळखीच्या टेम्पोवाल्याकडं गोणपाटाची पिशवी दिली होती. पातळ सालीची, रसानं तटतटलेली लिंबं. पिशवी उघडली तसा बागेचा वास स्वयंपाकघरात भरला, आणि हर्षदा क्षणभर पिशवीत तोंड घालून तशीच उभी राहिली. माहेरी जाऊन आल्यासारखं झालं. तेवढंच जाणं सध्या जमत होतं.

एक अडचण होती. धुळवडीच्या आदल्या दिवशी, पुनवेला, चंद्रग्रहण होतं. राहीबाई ग्रहण पाळायच्या, आणि घरानंही पाळावं असं त्यांचं म्हणणं होतं. "वेध पहाटंच लागत्यात," त्यांनी बजावलं होतं. "काय चिरायचं, कापायचं, रांधायचं ते आदल्या दिशी उरकून घे बाय. ग्रहन सुटंपर्यंत मी चुलीला हात लावू द्यायची न्हाई." म्हणून मग राहीबाई ठमीला काखेत मारून शेजारी गेल्या तेवढ्या आदल्या दुपारच्या सवडीत हर्षदानं कामाला हात घातला.

तिनं लिंबं पिळली. गुळाचा पाक केला, गाळला, निवू दिला. बर्फ वितळून जेवढं पाणी होईल तेवढं आधीच घालायचं असतं, तेही घातलं. आता पाला. कृतीत बेझिल म्हणून एका पानाचं नाव होतं. तिनं फोटो पाहिला तर ती तुळशीचीच बहीण निघाली. आणि तुळस तर दारात वृंदावनात डवरलेली. हर्षदा दारापर्यंत गेलीही. रोज सकाळी राहीबाई तुळशीला पाणी घालायच्या, ठमीचा हात धरून नमस्कार करायला लावायच्या. दारूत तुळस? हात धजेना. ती तशीच परत आली आणि पुदिन्याची जुडी चुरून टाकली.

मग चव घेतली. आंबट, गोड, वर गुळाचा थोडा मातीचा वास. छान झालं होतं. त्यातलं बाटलीभर तिनं बाजूला काढलं, स्वतःला आणि सुरय्याला. सुरय्या दोन घरं पलीकडची, शिवणाचे क्लास घेणारी. तिचे रोजे चालू होते. "मी दुपारी नुसती शिवायला येईन," ती म्हणाली होती, "पण माझा वाटा ठेव. संध्याकाळी रोजा सोडायला माझ्या लेकीसाठी, इन्शासाठी न् माझ्यासाठी घेऊन जाईन." बाटलीला झाकण लावल्यावर हर्षदानं जारमध्ये जिन ओतली, पळीनं ढवळली, फ्रीजचा एक कप्पा काढून टाकला आणि जार आत सरकवला.

दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून ती उभी राहिली. झालं. आता परवा उठायचं नाही.

ग्रहणाचा दिवस सरता सरेना. राहीबाई सकाळपासून निरंकार. दुपारभर माळ ओढत बसल्या. ठमीला ग्रहणाबिहणाचं सोयरसुतक नव्हतं. ती दिवसभर हर्षदाच्या अंगाला चिकटून होती. संध्याकाळी चंद्र उगवला तोच मलूल, एका बाजूनं कुरतडलेला. जरा वेळानं ग्रहण सुटलं, राहीबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं, देवापुढं दिवा लावला, आणि ओल्या केसांना पंचा गुंडाळून स्वयंपाकघरात आल्या. हर्षदा खिचडी टाकत होती.

"हर्षदा, तुझं सरबत वाचिवलं बघ मी," फ्रीज उघडत त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजी काय? ग्रहनात उघड्यावर ऱ्हायलेलं अन्नपानी टाकून द्यावं लागतं. एवढ्या लिंबाचं टाकायचं म्हंजी! तुझ्या बापानं जीव लावून धाडल्याली. म्हनून पहाटंच मी सगळ्यात तुळस टाकली. दुधात, पान्याच्या हंड्यात, न् तुझ्या ह्या जारात दोन पानं जास्तीच. पुनवंला तुळस तोडत न्हाईत, म्हनून आदल्या दिशीच तोडून ठिवली हुती."

हर्षदानं पाहिलं. पुदिन्याच्या चुऱ्यावर तुळशीची पानं तरंगत होती. हिरवी, टवटवीत, एकेक वेगळी दिसणारी.

राहीबाईंनी फडताळातला ग्लास घेतला आणि तोटीखाली धरला. "दिसभर पोटात काय न्हाई. गार गार बरं वाटंल."

तोटी फिरली. ग्लासात तळापुरतं पडलं.

म्हणायला काय, पुष्कळ म्हणता आलं असतं. आई, ते नासलंय. आई, त्यात झुरळ पडलं होतं. मग जार मोरीत ओतायचा, आणि उद्या दिवसभर ओट्यापाशी उभं राहायचं. नाहीतर म्हणावं, त्यातलं नको, ह्या बाटलीतलं घ्या. आणि त्या विचारणार, का गं, ह्यात काय झालं? मग त्याला आणखी एक उत्तर रचायचं, ते उद्यापर्यंत ध्यानात ठेवायचं, माउलीलाही पढवायचं. काहीच न बोलता पिऊ द्यावं, हाही विचार डोक्यातून गेला, आणि त्याची तिला तिथल्या तिथं शरम वाटली. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो तिच्यात नव्हता.

"आई, पिऊ नका. त्यात दारू आहे."

राहीबाईंचा हात तोटीवर तसाच राहिला. मग त्यांनी तोटी बंद केली. ग्लास ओट्यावर ठेवला, जपून, जसं काही तो तापलेला होता.

"कसली?"

"जिन. उद्याच्या पाहुण्यांसाठी. मी घेणार नव्हते. ठमी अंगावर पिते."

"माउलीनं आनली?"

"मी सांगितली म्हणून."

खिचडीला उकळी आली. दोघींपैकी कुणीच गॅस बारीक केला नाही.

"आन् मी त्यात तुळस घातली," राहीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. "माझ्या हातानं. नाव घेत घेत."

"मी मुद्दाम नव्हती घातली, आई. मी पुदिनाच…" हर्षदाला आपलं बोलणं आपल्यालाच पोरकट वाटलं.

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलेच असते! चांगली सोलून काढली असती तुला. पर तुळस तर वाचली असती."

हर्षदा खाली बसली. ओट्याला टेकून, फरशीवर, कढईकडं पाठ करून. "मला एक दुपार बसायचंय, आई," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

"बसायला दारू लागती व्हय?"

"दारू नाही लागत. जार लागतो. सगळ्यांनी आपापलं घेतलं की मला उठावं लागणार नाही. म्हणून केलं एकदम सगळं."

राहीबाईंच्या मनात काय आलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्यांनी चमचा घेतला आणि जारातली तुळशीची पानं एकेक करून बाहेर काढली. ओंजळीत धरून दारात गेल्या, वृंदावनातल्या मातीत ठेवली, हात धुतले, आणि तिथंच पायरीवर बसून राहिल्या. खिचडी वाढली ती त्यांनी घेतली नाही.

माउली पाळीवरून आला तेव्हा घर गप्प होतं. "काय झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"आईंना कळलं."

"कुणी सांगितलं?"

"मी."

"वेडी आहेस का?"

"हो," हर्षदा म्हणाली. "दमलेय."

सकाळी उठून पाहते तर राहीबाईंची पिशवी दाराशी. सोनईहून येताना आणलेली, तीच निळी, गच्च फुगलेली. ठमीला सांभाळायला त्या नसल्या की जार भरलेला काय आणि रिकामा काय! पोर तिच्याच कडेवर, आणि पोर कडेवर म्हणजे ती उभी.

"आई, जाताय?"

"बघू," राहीबाई म्हणाल्या. "पोरगी झोपली की."

माउली म्हणाला, "मी सोडतो तुला, रंगात बसनं कुठं जातेस?" तर त्याच्याकडं त्यांनी असं पाहिलं की तो गुमान पोरांबरोबर रंग खेळायला निघून गेला.

दुपारी त्या चौघी आल्या. गालांवर गुलाल, काखेत साड्यांची गाठोडी, आणि अश्विनीचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच. सुरय्या आपली कात्री आणि सुयांचा डबा घेऊन आली. दारातल्या गलक्यानं ठमी दचकून रडायला लागली, तशा राहीबाई उठल्या, पोरीला हर्षदाच्या हातातून काढून घेतलं, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"सासूबाई रागावल्यात का?" अश्विनीनं कुजबुजत विचारलं.

"माझ्यावर. तुमच्यावर नाही."

"मग ठीक आहे. तू बस! अगं बस ना, जार कुठाय तेवढं सांग."

आणि हर्षदा बसली. सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून. अश्विनीनं जार स्टुलावर मांडला, बर्फ फोडला, ज्या त्या बाईनं आपापला ग्लास भरला. "हर्षे, ह्यात तुळस आहे का गं? वास येतोय."

"होती."

"कसली भारी लागतेय!"

हर्षदाच्या हातात बाटलीतलं साधं सरबत होतं. समोर साड्यांचे तुकडे पसरले होते. कुणाच्या आजीची इरकल, कुणाची फाटकी गढवाल, अश्विनीनं स्वतः ठसे मारलेला निळा सुती तुकडा. पुण्यातल्या गोष्टी निघाल्या. कुणी नोकरी सोडली, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं. हर्षदा सुईत दोरा ओवत होती आणि एक कान बंद दाराकडं होता. रडण्याचा आवाज नाही. गाण्याचाही नाही. आता उठून बघावं का? जरा वेळानं बघू. हा एक टाका घालून. सरबत गार होतं, भिंत गार होती, बायका बोलत होत्या आणि कुणालाच तिच्याकडून काही नको होतं. तिनं टाका घातला. दुसरा घातला की नाही ते तिला आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून उतरून सतरंजीच्या कडेला आलं होतं. डोक्याखाली ठमीची मोहरीची उशी. बोटांतली सुई कुणीतरी काढून घेतली होती. अंगावर कुणाचीतरी ओढणी. पाहुण्यांना बोलवून आपण झोपलो! ती धडपडून उठणार तोच आवाज आला.

"ह्याला काय टाका म्हनायचं? बैलाच्या ढांगंवानी! पोरीचं बोट अडकंल ह्यात. उसव."

राहीबाई घोळक्यात बसल्या होत्या. ठमी मांडीवर, तोंडात रिकामं दोऱ्याचं रीळ. दाराशी निळी पिशवी उघडी पडली होती, आणि त्यांचं जुनं हिरवं लुगडं घडी मोडून सतरंजीभर पसरलेलं होतं. त्यावर तुकडे मांडलेले.

"आत काय घालायचं ते ठरिवलंच न्हाई ह्यांनी," त्या सुरय्याला सांगत होत्या. "नुस्ती वरची ठिगळं घिऊन आल्या. आतून जुनेर नको व्हय? नुसत्या नक्षीनं ऊब येती का?"

"बराबर आहे, खाला," सुरय्या दात न दाखवता हसली आणि दोरा तोडला. "ह्यांना रंग कळतो, थंडी कळत नाही."

"आजी, पण तुम्ही शिकवताय ना," अश्विनी आज्ञाधारकपणे टाका उसवत म्हणाली. तिचा ग्लास जवळपास नव्हता. एकीचाही नव्हता. हर्षदानं शोधलं तर जार गच्चीच्या जिन्याच्या पायरीवर ठेवलेला दिसला, राहीबाईंच्या पाठीमागं, आणि शेजारी चारही ग्लास रांगेत. ज्या बाईला तहान लागेल ती मुकाट्यानं उठून जिन्यापाशी जात होती, उभ्याउभ्या घोट घेऊन परत येत होती.

"आई," हर्षदा म्हणाली, "तुम्ही… सोनईला…"

"लुगडं काढायला पिशवी उघडली. आता भरायची कुनी? जाईन उद्या." त्यांनी सुईवरची नजर काढली नाही. "तुळशीचं मी इसरले न्हाई हां. ते मनात हाय माझ्या. ऱ्हाईल."

"हो, आई."

"कवाच्या झोपलीस. एवढी झोप साठल्याली तर बोलायचं तोंडानं. आमाला काय सपान पडतंय?"

हर्षदाला हसू आलं. तेवढ्यात ठमीनं आईला पाहिलं. रीळ टाकलं, दोन्ही हात पसरले आणि ओठ काढला. हर्षदा हात टेकून उठायला लागली.

"बस," राहीबाई म्हणाल्या. त्याच बसल्या जागेवरून सरकत सरकत आल्या, ठमीला तिच्या मांडीवर दिलं, ओढणी नीट केली. "बसल्या बसल्या पाज." आणि परत सरकत आपल्या जागी गेल्या.

ठमी पिऊ लागली. तिच्या केसांना धूप आणि गुलाल, दोन्हींचा वास येत होता. जिन्याच्या पायरीवर जारची तोटी नीट बंद झाली नव्हती. एक थेंब लोंबायचा, फुगायचा आणि पडायचा. पायरीवर ओलं झालेलं हर्षदाला इथूनही दिसत होतं. चिकट होईल, मुंग्या येतील, पुसायला पाहिजे. सवयीनं तिचा हात जमिनीवर टेकला.

मग तिनं तो उचलला आणि ठमीच्या पाठीवर ठेवला. गळू दे.